पिल्लू पडलेलं नाही, उडायला शिकतंय

धारावीच्या कडेला, मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. आज तिथे उभी असलेली सुमारे ३७ एकरांची झाडी एकेकाळच्या कचराभूमीवर वाढलेली आहे. १९७७ पर्यंत मुंबईचा कचरा इथेच टाकला जाई. १९८३ मध्ये डॉ. सालिम अलींनी इथे पहिलं झाड लावलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. अशा ठिकाणी "पानं-फुलं तोडू नका, काही उचलून नेऊ नका" ही सूचना नुसती शिस्तीसाठी नसते. पायाखालची मातीच पाल्यापाचोळ्यातून घडत असते. त्याच पाचोळ्यात गोगलगायी, गोम, अळ्या राहतात आणि त्यांच्यावर दयाळ पक्षी पोट भरतो.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्या एका नियमाबद्दल. वन्यजीवांना हात लावू नका. हा नियम मोडणारे बहुतेक लोक चांगल्या मनाचे असतात, म्हणून तो समजावून सांगणं मला फार गरजेचं वाटतं.

उन्हाळ्यात बुलबुलाचं पिल्लू झुडपाखाली बसलेलं दिसतं. शेपूट आखूड, पंख अर्धवट, उडायला गेलं की धडपडतं. कुणीतरी कळवळून उचलतं आणि घरी नेतं. खरं तर ते घरट्यातून पडलेलं नसतं, निघालेलं असतं. अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत बुलबुलाची पिल्लं घरटं सोडतात, नीट उडता येण्याआधीच. कारण घरटं ही धोक्याची जागा असते. सगळी पिल्लं एकाच ठिकाणी असली की कावळ्याला किंवा सापाला एका फेरीत सगळीच मिळतात. विखुरली, तर एखादं तरी वाचतं. पुढचे काही दिवस आईबाप त्यांना जमिनीवर, फांद्यांवर शोधून भरवत राहतात. आपण जवळ उभे असलो की ते येत नाहीत, आणि आपल्याला वाटतं पिल्लू अनाथ आहे. वीस-पंचवीस पावलं मागे सरून अर्धा तास थांबा. बहुतेक वेळा चोचीत अळी धरलेला बुलबुल येतोच.

माणसाचा हात लागला की चिमण्या आपल्याच पिल्लाला टोचून मारतात, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. त्यात तथ्य नाही. हाताच्या वासामुळे आईबाप पिल्लाला टाकत नाहीत. त्यामुळे पिसं न फुटलेलं उघडं पिल्लू खाली सापडलं आणि घरटं हाताशी असलं, तर ते अलगद परत ठेवावं. पिसं फुटलेलं असेल आणि जवळ मांजर फिरत असेल, तर शेजारच्या झुडपात उंचावर बसवावं. एवढंच.

दूध-पाणी मात्र अजिबात पाजू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच उघडतं. ड्रॉपरने सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतो आणि पिल्लू दगावतं. दूध हा तर पक्ष्यांचा आहारच नाही, ते पचवण्याची सोय त्यांच्या शरीरात नसते. मोठेपणी फळं खाणारा बुलबुलसुद्धा पिल्लांना किडे-अळ्या भरवतो, कारण झपाट्याने वाढणाऱ्या स्नायूंना आणि पिसांना प्रथिनं लागतात. दूध-पोळीत ती पुरेशी मिळत नाहीत.

माकडांना खाऊ घालू नका, हेही याच जातीचं. माकड गालांतल्या पिशव्यांत फळं भरून घेतं, दूर जाऊन खातं आणि बिया थुंकतं. जंगल असंही पसरतं. वेफर्सची सवय लागली की ते रस्त्याकडेला बसतं आणि पुढे पिशव्या हिसकावू लागतं. शिवाय आपले क्षयरोग, गोवर यांसारखे आजार माकडांनाही होतात, त्यामुळे उष्टा तुकडा दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणंही टाळावं. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो पिल्लांना भरवायचं सोडून त्याला हुसकायला धावतो.

खरोखर जखमी प्राणी-पक्षी सापडतातच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास घारी आणि घुबडं त्यात अडकतात. अशा वेळी मांजा ओढू नये, पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी कापावा. पक्ष्यावर हलकं सुती कापड टाकून त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावं, झाकण लावून. अंधारात त्याची घाबरगुंडी कमी होते. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, आणि माणसं येईपर्यंत झाकण उघडून पाहू नये.