बारा वर्षांच्या आत ग्रँडमास्टर नाही, म्हणजे संपलं?

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही बुद्धिबळ स्पर्धेत बाहेर ताटकळणाऱ्या पालकांत हे वाक्य ऐकू येतं: "अहो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. कार्लसनला बघा, जन्मजात आत्मविश्वास!"

बुद्धिबळाचा माजी जगज्जेता, नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन. त्याचे पाय पाळण्यात दिसले नव्हते. वडिलांनी पाचव्या वर्षी डाव शिकवला, पण तेव्हा पोराला रस नव्हता. गोडी लागली आठव्याच्या सुमारास. १३व्या वर्षी तो ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाचा मानकरी, झाला हे खरं. त्याच वर्षी, २००४ मध्ये, त्यानं जलद डावात माजी जगज्जेत्या कास्पारोव्हला बरोबरीत रोखलं, आणि पुढचाच डाव हरला. हे दुसरं वाक्य सांगायला मात्र सगळे विसरतात.

पुण्याचेच अभिजित कुंटे २००० मध्ये, तेविशीत ग्रँडमास्टर झाले. प्रवीण ठिपसे तर अडतिशीला टेकले होते.

क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये हा समज आणखीच लंगडा पडतो. बर्फावर पन्नास किलोमीटर जायचं, तर हृदय आणि फुप्फुसांची ताकद वर्षानुवर्षांच्या सरावानं वाढवावी लागते. बारा वर्षांच्या पोराकडे ती कुठून येणार? नॉर्वेचा योहान्नेस क्लेबो किशोरवयात अंगापिंडानं लहानखुरा होता. त्याच क्लेबोनं २०२५च्या ट्रॉनहाइम जागतिक स्पर्धेत सहापैकी सहा सुवर्णपदकं जिंकली. त्याच्या देशात लहान मुलांच्या खेळात क्रमवारी लावायलाच अकराव्या वर्षापर्यंत बंदी आहे. आपल्याकडे आठ वर्षांखालच्यांचं रेटिंग व्हॉट्सॲपवर फिरतं.