नियमशोधाचे खेळ

नियमशोधाचे खेळ : खेळाचा नियम एकालाच ठाऊक असतो आणि बाकीच्यांनी चाली करून, नकार खात तो हुडकून काढायचा असतो, अशा खेळांचा वर्ग. नियम ठरवणारा ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ एवढेच सांगतो. कोड्याचे उत्तर त्याच्या शब्दांतच दडलेले असते. इथे पुरावा खेळणाऱ्यानेच गोळा करायचा असतो.

तोंडी प्रकार सगळ्यांत सोपा. साताऱ्याहून कास पठाराला निघालेल्या गाडीत तो सहज रंगतो, साहित्य काहीच लागत नाही. नियम ठरवणारा सुरुवात करतो, “कासला जाताना मी छत्री नेणार, पण रेनकोट नेणार नाही.” मग प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक वस्तू विचारायची. समजा, पिशवी, बाटली, भाकरी चालतात. डबा आणि ब्लँकेट अडतात. वस्तूच्या उपयोगावरून केलेले अंदाज लवकर संपतात आणि बहुतेकांना वाटते, शब्दाच्या शेवटी ‘ई’ हवी. नंतरची मंडळी टोपी, चटणी, सतरंजी विचारत राहतात, सगळे ‘हो’ येते आणि ज्ञानात काडीची भर पडत नाही. इथे कामाचे शब्द दोनच : दही आणि चादर. दह्याच्या शेवटी ‘ई’ असूनही ते अडते, चादरीला ‘ई’ नसूनही ती चालते. नियम स्त्रीलिंगाचा आहे. बोलताना तो, ती, ते आपोआप येत असल्याने याच नियमाकडे लक्ष सर्वांत उशिरा जाते.

शब्दांवरचे नियम कानाने पडताळता आले पाहिजेत. दोन अक्षरी शब्द, जोडाक्षर असलेला शब्द हे ठीक. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा नियम बोलण्यात टिकत नाही आणि भांडणात संपतो. लिंगाच्या नियमातही अडचणी येतात. पेन कुणाच्या घरी ‘तो’ असतो, कुणाच्या घरी ‘ते’. असा शब्द आला की ‘बाद’ म्हणून पाळी पुन्हा द्यावी. प्रत्येकाने स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराची वस्तू न्यायची, हा जुना खट्याळ नियम. त्यात तीच वस्तू एकाला मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. मोठ्यांना त्याची गंमत वाटते, लहान मुले रडकुंडीला येतात.

एल्यूसिस हा या वर्गातला सर्वांत घोटीव खेळ. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तो 1956 मध्ये रचला; गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी 1959 मध्ये त्यावर लिहिल्यावर तो सर्वदूर गेला आणि 1977 मध्ये सुधारित रूप आले. या रूपाला 4 ते 8 जण आणि एकत्र पिसलेले पत्त्यांचे दोन कॅट, म्हणजे 104 पाने लागतात. नियमकर्ता नियम कागदावर लिहून घडी घालून ठेवतो, स्वतःला सोडून प्रत्येकाला 14 पाने वाटतो आणि एक पान मधोमध उघडतो. नियमात बसणारे पान ओळीत उजवीकडे लागते. न बसणारे पान शेवटच्या बरोबर पानाखाली ठेवतात आणि खेळणाऱ्याला 2 पानांचा दंड बसतो. नाकारलेली पाने उचलायची नसतात; तीच खरी नोंदवही. हातातली पाने संपवणे हे उद्दिष्ट.

नमुन्यासाठी हा नियम पाहू : मागचे पान विषम असेल तर काळे लावा, सम असेल तर लाल. गुलाम 11, राणी 12, राजा 13, एक्का 1. सुरुवातीला बदाम सत्ती उघडली. बदाम नव्वी अडली, इस्पिक छक्की लागली. छक्कीवर किलवर तिर्री अडली, चौकट राणी लागली. इथवर ‘लाल, काळे, लाल’ असा सरळ क्रम दिसतो. पण राणीवर इस्पिक गुलाम अडतो आणि बदाम पंजी लागते, म्हणजे तो क्रम मोडला. पंजीवर किलवर दश्शी लागली. राणी आणि पंजी दोन्ही लाल, तरी एकीवर काळे चालत नाही आणि दुसरीवर चालते. तेव्हा मागच्या पानाचा रंग निकाल लावत नाही. आता पंजी, छक्की, सत्ती शेजारी ठेवून पाहावे : पंजीवर काळे, छक्कीवर लाल, सत्तीवर पुन्हा काळे. लहान-मोठ्या पानांचा तर्कही गळतो आणि सम-विषम उरते.

आपल्याला नियम कळला असे वाटणारा ‘ज्योतिषी’ होऊ शकतो. तो आपल्या शेवटच्या पानावर सोंगटी ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक पानाचा निकाल नियमकर्त्याऐवजी स्वतः सांगतो. एक निकाल चुकला की पद जाते आणि 5 पानांचा दंड होतो. आपल्याकडे लागणारे पानच नाही, असेही जाहीर करता येते. तो दावा खोटा ठरला तर नियमकर्ता त्याच्याच हातातले बरोबर पान लावून दाखवतो आणि 5 पाने दंड देतो. नियमकर्त्याचे गुण सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूइतके धरतात, मात्र ज्योतिष्याच्या सोंगटीआधीच्या पानांच्या दुपटीपेक्षा जास्त नाहीत. नियम फार सोपा असेल तर ज्योतिषी लगेच उभा राहतो, फार अवघड असेल तर कुणालाच गुण पडत नाहीत. दोन्हीकडून नियमकर्त्याचेच नुकसान. या खेळाची खरी कारागिरी या गुणपद्धतीत आहे.

डाव बिघडतो तो बहुधा नियमकर्त्यामुळे. नवखा माणूस चार अटी एकात एक गुंफतो आणि पुढे स्वतःच चुकीचा निकाल देतो. एक चुकीचा ‘हो’ सगळी ओळ नासवतो. चूक लक्षात येताच डाव मोडून नवा मांडणे बरे. ‘मागच्यापेक्षा मोठे पान’ हा नियम राजापाशी अडकतो, त्याला ‘राजानंतर कोणतेही’ अशी पुरवणी लागते. कोण खेळले, कोणत्या हाताने ठेवले, असल्या गोष्टींवर नियम बेतू नये. नियम ओळीतल्या पानांवरच ठरावा.

खेळणाऱ्यांची चूक वेगळी. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 2, 4, 6 हे तीन आकडे नियमात बसतात असे सांगून नियम ओळखायला दिला होता. माणसे 8, 10, 12 अशी त्रिकुटे विचारत राहिली आणि ‘दोन-दोनने वाढणारे सम आकडे’ असे ठामपणे सांगून मोकळी झाली. नियम होता कोणतेही चढते आकडे. 29 पैकी 6 जणांनीच एकही चुकीचे उत्तर न देता तो ओळखला. 1, 2, 3 विचारले असते तरी पुरे होते. एल्यूसिसमध्ये दंडाच्या भीतीने हीच चूक बळावते. अडेल असे वाटणारे पान मुद्दाम टाकून 2 पाने ओढून घेणारा सुरुवातीला मागे पडतो, पण त्याला नियम इतरांआधी उमगतो.

झेन्डो या कोरी हीथ यांच्या खेळात पत्त्यांऐवजी लहान पिरॅमिडांच्या रचना असतात. चिंचोके, बटणे, काड्या यांवरही तो भागतो. नियमकर्ता एक बसणारी आणि एक न बसणारी रचना मांडतो. कुणी चुकीचा नियम सांगितला तर नुसते ‘नाही’ म्हणून चालत नाही. त्याचा अंदाज खोटा पाडणारी रचना नियमकर्त्याला करून दाखवावी लागते. त्यामुळे चुकलेला अंदाजही पुढच्यांना पुरावा देऊन जातो. नवशिक्यांना एल्यूसिसऐवजी यानेच सुरुवात करून द्यावी.

भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे बुद्धिबळाचे गाव म्हणून नाव मिळवलेल्या सांगलीत पेनल्टिमा हा प्रकार समजावून सांगायला वेळ लागू नये. पट आणि सोंगट्या नेहमीच्याच. पण प्रत्येक जातीच्या सोंगटीचा गुप्त नियम एकेक प्रेक्षक ठरवतो. घोडा शेजारी प्यादे असेल तरच हलतो, असा काहीही. खेळाडू चाल करून पाहतो, प्रेक्षक ती चालते की नाही ते सांगतो, आणि न चालणारी चाल मागे घेतली जाते.

सातारा-सांगली भागातील शाहिरीत या खेळांचे दूरचे नाते कलगी-तुऱ्याशी लावता येईल. भेदिक लावणीत एक फड कूट घालतो, दुसऱ्याने ते सोडवून उलट सवाल टाकायचा. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (1866–1945) यांनीही भेदिक रचना केल्या. मात्र भेदिकाचा उलगडा पुराणकथा आणि वेदान्त यांच्या जाणकारीवर होतो, चाचपणीवर नाही. त्यामुळे ते नियमशोधाच्या खेळात मोडत नाही.