वाड्यासारखं दार करून घेण्याआधी पेठांतून एक चक्कर
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे जुनी दारं, खिडक्या, खांब दुरुस्त होतात आणि तसेच नवे घडवूनही मिळतात. नव्या कामासाठी येणारे बरेचजण फोनमधला एक फोटो पुढे करतात आणि म्हणतात, "असं वाड्यासारखं करून द्या." फोटो बहुतेक वेळा एखाद्या रिसॉर्टचा असतो, नाहीतर मालिकेच्या सेटचा. आम्ही काम नाकारत नाही. पण ऑर्डर पक्की करण्याआधी एका सकाळी पेठांतून फिरून या, एवढं सांगतो. त्या फेरीसाठी हा कागद. सोबत माणूस लागत नाही. सरळ चालत सुटलात तर पाऊण तासात संपेल, बघत गेलात तर अडीच-तीन तास धरा.

रविवारी सकाळी सातला निघा. दहानंतर लक्ष्मी रस्त्यावर मान वर करून बघायला गेलात की मागून धक्का बसतो. दुपारी एक ते चार काय होतं ते पुणेकरांना आम्ही सांगायला नको. मेट्रोने यायचं तर कसबा पेठ स्थानकावर उतरा, जाताना मंडईवरून चढा. गणपतीच्या दहा दिवसांत ही फेरी करू नका. मांडवांमागे दर्शनी भिंती दिसत नाहीत.

निघण्याआधी एक शब्द शिकून घ्या: खण. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. 'पाच खणी घर', 'दोन खणी माडी' हे आजी-आजोबांच्या तोंडी असायचं, कारण घराचं माप फुटांत नव्हे, खणांत व्हायचं. तुळईला, म्हणजे खांबांवरच्या आडव्या लाकडाला, लाकूड केवढं लांब आणि किती जाड मिळतं, यावर खण ठरायचा आणि खणावर घर. आम्ही दुरुस्त केलेल्या घरांत तो साधारण पाच-सहा फुटांचा भरला. वाड्याची भिंत बहुतेक ठिकाणी फक्त आडोसा असते. भार पेलतो तो सागवानी सांगाडा. म्हणून तर वरच्या मजल्यावर ओळीने इतक्या खिडक्या ठेवता आल्या. फेरीभर हेच करा: रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि खण मोजा.

शनिवारवाड्यापासून सुरुवात. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली आणि खर्च आला १६,११० रुपये. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे सगळे बघतात, कारण ते हत्तीसाठी आहेत असं सांगितलं जातं. आमची विनंती, त्याच दारातली दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, बघा. मोठं दार रोज उघडायचं नसतं; माणसाने दिंडीतून, वाकून आत यायचं. आतली लाकडी बांधणी १८२८ च्या आगीत गेली. उरली जोती, म्हणजे घराखालचे दगडी चौथरे. बहुतेक लोक 'आत काहीच नाही' म्हणत दहा मिनिटांत बाहेर पडतात. खरं तर घराचा नकाशा जमिनीवर इतका उघडा पुण्यात दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही: चौक (आतलं अंगण) कुठे, त्याला लागून सोपे (उघड्या पडव्या) कुठे, सगळं जोत्यांवरून चालत वाचता येतं.

वाड्याच्या दक्षिणेला जवळच नाना वाडा आहे, नाना फडणवीसांचा. तिथून अप्पा बळवंत चौकाकडे या. पुस्तकांची दुकानं उघडायच्या आत पोचलात तर चौक मोकळा मिळेल, तेव्हा पेठ म्हणजे काय ते इथेच वाचा.

पेठ आपोआप वाढलेली वस्ती नव्हे. ती वसवली जायची. एखाद्या सरदाराला किंवा कारभाऱ्याला जागा नेमून दिली जायची, बाजाराचा कारभार शेटे-महाजनांकडे असायचा आणि येऊन राहणाऱ्या व्यापारी-कारागिरांना सुरुवातीची काही वर्षं करात सूट देणारा कौल मिळायचा. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली. सदाशिव पेठेला पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव आहे. आणि तुम्ही उभे आहात ती बुधवार पेठ त्याआधीची: औरंगजेबाने १७०३ मध्ये इथे मुहियाबाद वसवलं होतं, वाराचं नाव पेशवाईत आलं. रस्त्यालगत दुकान, वर माडी, मागे चौक आणि शेवटी परसातली विहीर, असा अरुंद तोंडाचा आणि खोल पोटाचा प्लॉट या पेठांत पुन्हा पुन्हा भेटतो. तोंडाकडे खण कमी, मागे खोली जास्त. बाजारात रस्त्यालगतची जागा सगळ्यांना हवी असते, हे तेव्हाही तसंच होतं. लक्ष्मी रस्ता मात्र या जुन्या आखणीतला नाही. तो नगरपालिकेने विसाव्या शतकात काढला. त्यामुळे त्याच्यावरची बरीच घरं समोरून नवी आणि बाजूच्या बोळातून जुनी दिसतात. बोळात शिरा.

तांबड्या जोगेश्वरीवरून शिवाजी रस्त्याला लागलात की दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा आता नाही. स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवला. त्याच्या लाकडाचं आम्हाला वाईट वाटलं, हे धंद्यातला माणूस म्हणून लिहितो. पण ती इमारत शेवटी शेवटी ज्या अवस्थेत होती, ते बघितलेल्याला फार वाद घालवत नाही.

पुढे बेलबाग आणि तुळशीबाग. तुळशीबागेत लोक भांडी आणि कानातले घ्यायला येतात, मागे राममंदिर आहे हे विसरून. खासगीवाल्यांच्या तुळशीच्या बागेत नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी हे मंदिर अठराव्या शतकात उभारायला घेतलं. शिखर बघून झालं की नजर खाली आणा.

खांब जमिनीत गाडलेला नसतो, दगडी तळखड्यावर, म्हणजे बुंध्याखालच्या दगडावर, उभा असतो. आमच्या कामात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. हल्ली 'वाड्याचा खांब' म्हणून सागवानी खांब थेट फरशीत बसवतात, भोवती सिमेंट भरतात, आणि फरशी पुसताना रोज त्याला पाणी पाजतात. काही वर्षांत बुंधा मऊ पडतो आणि मग वाळवीला आमंत्रण लागत नाही. चार-सहा इंच उंचीचा तळखडा घेतला तर दगडाचे थोडे पैसे जास्त पडतात, खांब मात्र टिकतो. आमच्या कोटेशनमध्ये तळखडा वेगळा दाखवलेला असतो. तो खोडून स्वस्तात करा असं सांगू नका.

मंडई लाकडाची नाही, तरी वाटेत आहे म्हणून थांबा. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडली: मधे अष्टकोनी मनोरा, त्यातून फुटलेल्या गाळ्यांच्या ओळी, सगळं घडीव दगडात आणि विलायती वळणाचं. या इमारतीवर पैसे घालण्याला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. बाहेर चहा मिळतो, घ्या.

आता विश्रामबागवाडा. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हा बघा. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८७९ मध्ये आग लागून दर्शनी भाग जळाला आणि तो पुन्हा उभा राहिला तो लोकांच्या वर्गणीची मदत घेऊन. रस्त्याच्या पलीकडून दर्शनी बाजू बघा: सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफुलाचं काम, खांबांमधून महिरपी. आत गेल्यावर कडीपाटाकडे बघा. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या (बारीक आडवी लाकडं), कड्यांवर पाट (फळ्या), अशी एकावर एक रास असते, आणि जोड सुताराने कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) काढून बसवलेले असतात. ग्राहक विचारतात, कोरीवकाम हाताने कशाला, यंत्रावर स्वस्त पडतं. पडतं, आम्हीही यंत्रावर करतो. पण यंत्रावरची सगळी केळफुलं तंतोतंत सारखी येतात. इथली दोन शेजारची नीट बघा आणि मग ठरवा. आमच्या मते खिडकीच्या चौकटीला यंत्र चालतं. दर्शनी दाराच्या गणेशपट्टीला, म्हणजे चौकटीवरच्या गणपती कोरलेल्या पट्टीला, हात हवा.

शनिपारावरून सदाशिव पेठेत वळलात की फेरी जरा सैल होते. खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती, उपाशी विठोबा, भिकारदास मारुती: देवांची नावं अशी ठेवणाऱ्या गावात घरांवरच्या पाट्या तशा का असतात हे वेगळं विचारू नये. वाड्यांच्या जागी आता बहुतेक सोसायट्या आहेत, नाव तेवढं जुनं राहिलंय. हौद हा शब्द पत्त्यांत दिसला तर तो नानासाहेब पेशव्यांच्या काळच्या पाण्याच्या योजनेचा आहे. कात्रजच्या तलावातून दगडी नळाने, नुसत्या उतारावर, पाणी पेठांतल्या हौदांत यायचं.

जे वाडे गेले ते सगळे बिल्डरनेच पाडले असं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या शनिवार-नारायण पेठांत पाणी भरलं. जोतं दगडाचं, वर विटा आणि पांढऱ्या मातीची भिंत; माती भिजली की ती बसते. तुमच्या जुन्या घराच्या भिंतीला खालून ओल येत असेल तर वरून सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि चौकट कुजते. चुन्याचा गिलावा करा, तो आम्ही करत नाही, पण करणाऱ्यांचे फोन आमच्याकडे मिळतील.

लोक राहतात अशा वाड्यात शिरण्याआधी हाक मारा. "आजी, चौक बघू का?" एवढं पुरतं, बहुतेक आज्या नाही म्हणत नाहीत, उलट दारामागचा अडसर भिंतीत कसा सरकतो तेही दाखवतात. नाही म्हणाल्या तर नाही.

शेवट बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात करा. जुनी कोरीव दारं-खिडक्या इतक्या जवळून, एका छताखाली इथेच दिसतील, आणि कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महालही. तोवर पाय दुखायला लागतील, म्हणून हे शेवटी ठेवलंय.

परत आमच्याकडे येताना आवडलेल्या दाराचा फोटो आणा. जिथे फोटो काढू देतात तिथे, आणि समोरून, तिरपा नको. दाराशेजारी घरातलं कुणीतरी उभं करा आणि त्याची उंची मागे लिहून ठेवा. माप आम्ही त्यावरून काढतो.