ड्राफ्टचे नियम असे का झाले?

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, कोणाला घ्यावे यावर भांडताना एक गोष्ट हमखास निसटते: आजचा जवळजवळ प्रत्येक नियम आधीच्या नियमातली पळवाट बुजवायला आला आहे.

1966 ते 1984 पहिली निवड नाणेफेकीने ठरे. दोन्ही विभागांतले तळाचे संघ आणि एक नाणे, बस. 1969 मध्ये मिलवॉकीने फीनिक्सविरुद्ध ती जिंकली आणि त्यांना ल्यू अल्सिंडर, म्हणजेच नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, मिळाला. तळ गाठला की निम्मी संधी पक्की! 1983-84 मध्ये ह्यूस्टन 29 सामने जिंकून 53 हरले, तेव्हा ते मुद्दाम हरत असल्याचा संशय व्यक्त झाला. नाणेफेक त्यांनीच जिंकली आणि हकीम ओलाजुवॉन या खेळाडूला घेतले.

पुढच्याच वर्षी पहिल्या निवडीसाठी लॉटरी आली. प्लेऑफबाहेरचे (बाद फेरी न गाठलेले) सात संघ, सात पाकिटे, सर्वांना सारखी संधी. न्यू यॉर्कला पॅट्रिक यूइंग मिळाला. इंडियानाइतकीच खराब कामगिरी (22 विजय, 60 पराभव) असलेले गोल्डन स्टेट मात्र सातव्या क्रमांकावर फेकले गेले. हाही अन्यायच. म्हणून 1990 मध्ये कमकुवत संघांना लॉटरीत जास्त संधी दिल्या गेल्या. तरी 1993 मध्ये 66 पैकी एकच संधी असलेल्या ऑरलँडोने बाजी मारली. मग आकडे घातलेल्या 14 चेंडूंतून 4 काढून विजेता ठरवायची पद्धत आली आणि तळाच्या संघाची शक्यता 25 टक्के झाली. फिलाडेल्फियाने 2013 पासून ठरवून केलेली पडझड याच 25 टक्क्यांवर उभी होती. 2015-16 मध्ये त्यांनी 10 सामने जिंकले, 72 हरले. 2019 मध्ये तळाच्या तिन्ही संघांना सारखेच 14 टक्के ठेवले गेले.

निवडीचा हक्क दुसऱ्या संघाला देण्याच्या सौद्यांचा इतिहासही असाच. टेड स्टेपियन मालक असताना क्लीव्हलँडने पहिल्या फेरीच्या निवडी उधळल्या; 1982 ची पहिली निवड, जेम्स वर्दी, त्याच वर्षीच्या विजेत्या लेकर्सकडे गेली. तेव्हापासून कोणत्याही संघाला पुढच्या सलग दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या रिकाम्या ठेवता येत नाहीत. वाट मात्र निघाली: एक वर्ष निवड द्यायची, मधल्या वर्षी फक्त क्रमांक बदलून घेण्याचा हक्क द्यायचा. 2013 मध्ये ब्रुकलिनने बॉस्टनला 2014, 2016, 2018 च्या निवडी आणि 2017 चा अदलाबदलीचा हक्क दिला. बॉस्टनचे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हे खेळाडू त्यातूनच आले.

निवडीची खरी किंमत पगारात आहे. 1994 मध्ये ग्लेन रॉबिन्सनने नवखा असताना 10 वर्षांचा 6.8 कोटी डॉलरचा करार केला; 1995 पासून नवख्यांचे पगार क्रमांकानुसार बांधले गेले. आता पहिल्या फेरीतल्या खेळाडूची पहिली दोन वर्षे पक्की, तिसरे-चौथे संघाच्या मर्जीवर. म्हणून पहिल्या हंगामातल्या गुणांवरून निवड चुकली म्हणणे घाईचे. पाचव्या वर्षी त्याला मोठा पगार द्यावासा वाटतो का, हे पाहावे.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्या 2023 च्या करारानंतर तर ‘सेकंड अॅप्रन’ ही पगाराची वरची रेषा ओलांडलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठ्या पगाराचा खेळाडू आणता येत नाही. अशा संघाला पंचविसाव्या क्रमांकाची निवडही हातची सोडणे परवडत नाही, कारण चार वर्षे स्वस्तात खेळणारा माणूस त्याला फारसा दुसरीकडे मिळत नाही.