ढगाळ दिवशी जांभळा, उन्हात निळा

जेरुसलेमच्या मंदिरातला ज्यू महायाजक एफोद या वरच्या याजकी वस्त्राच्या आत जो झगा घालायचा तो सगळाच्या सगळा निळा असे. खालच्या घेराला डाळिंबांचे गोंडे, मधून मधून सोन्याच्या घंट्या. बायबलच्या निर्गम पुस्तकात हे वर्णन आहे आणि त्या निळ्याला नाव आहे तेखेलेत. हा रंग भूमध्य समुद्रातल्या हेक्साप्लेक्स ट्रंक्युलस या शंखातून काढत, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. पण एक अडचण होती. या शंखातल्या गोगलगायीपासून निघणारा रंग जांभळा. मग निळा आला कुठून?

मला या कोड्याचं उत्तर फार आवडतं. गोगलगायीच्या ग्रंथीत तयार रंग नसतोच, रंगहीन कच्चा माल असतो. ग्रंथी चिरडली की विकर (एन्झाइम) कामाला लागतं, हवा लागते, आणि बघता बघता तो द्रव पिवळा, हिरवा, शेवटी जांभळा होतो. हा जांभळा म्हणजे मुख्यतः आपली नीळच, फक्त तिच्या रेणूला ब्रोमीनचे दोन अणू चिकटलेले. किती मिळतो? १९०९ साली रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रीडलेंडर यांना एका जवळच्या जातीच्या १२,००० गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम मिळाला होता.

हा रंग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे लोकरीत मुरत नाही. म्हणून रंगारी आधी त्याचं क्षपण करतो. रेणू इलेक्ट्रॉन घेतो, अल्कधर्मी पाण्यात विरघळतो आणि पाणी पिवळट-हिरवं दिसू लागतं. १९८० च्या दशकात इस्राएलच्या शेंकर कॉलेजातल्या ओटो एल्सनर यांच्या लक्षात आलं, की ढगाळ दिवशी लोकर जांभळी होते आणि लख्ख उन्हात निळी! विरघळलेल्या अवस्थेत अतिनील किरण कार्बन-ब्रोमीन बंध तोडतात. ब्रोमीन गळून पडला की उरते साधी नीळ. मग लोकर बुडवून बाहेर काढायची, हवेतला ऑक्सिजन तिला निळं करतो.

पवित्र वस्त्रांच्या रंगात दैवी ऊर्जा शोधणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं. ज्यूंच्या धर्मशास्त्राचा ग्रंथ असलेल्या तालमूदने वनस्पतीच्या निळीला ‘कला इलान’, म्हणजे बनावट तेखेलेत, ठरवून तिच्यापासून सावध राहायला सांगितलं होतं. पण दोन्हीतला निळा रेणू एकच. जुन्या कापडाच्या चिंधीतला निळा गोगलगायीचा आहे हे ओळखता येतं ते न सुटलेल्या, उरल्यासुरल्या ब्रोमीनमुळे.