रोज दहा मिनिटं अरबी: खरं काम मधल्या वेळात होतं

हल्ली रील्समध्ये अशा जाहिराती सारख्या येतात, तीस दिवसांत फाडफाड अरबी बोला, रोज फक्त पाच मिनिटं. इजिप्त नाहीतर जॉर्डनची तिकिटं काढलेली माणसं मग दोन प्रश्न विचारतात. हे खरं असतं का? आणि रोज पाच-दहा मिनिटं करून काय होणार, त्यापेक्षा निघायच्या आधीच्या शनिवार-रविवारी सलग बसून एकदाच उरकून टाकलं तर? मला जास्त आवडतो तो दुसरा प्रश्न, कारण त्याचं उत्तर थेट मेंदूच्या पेशींमधल्या केमिस्ट्रीत जातं आणि ती केमिस्ट्री मला भयंकर सुंदर वाटते.

पहिल्याचं उत्तर पटकन देते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे, ती त्यांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला अरबीत नीट कामकाज करता यायला वर्गातले २२०० तास लागतात असा त्यांचा हिशेब आहे. रोज १५ मिनिटं म्हणजे वर्षाला साधारण ९१ तास, म्हणजे त्या पातळीला पोचायला २४ वर्षं. तेव्हा तीस दिवसांत फाडफाड वगैरे काही नसतं, अशी जाहिरात करणारा सरळ फसवतोय.

पण प्रवासाला जाणाऱ्याला राजदूत व्हायचं नसतं ना. कैरोत मेट्रोचं स्टेशन कुठे, हे केवढ्याला, पाणी पाहिजे, बिल आणा, डावीकडे उजवीकडे, नको, पुरे, आणि समोरचा जी किंमत सांगतोय ती कानाला कळणं. माझ्या मते दीडशे-दोनशे शब्द आणि वीसेक तयार वाक्यं यात बरंच भागतं. फक्त कुठली अरबी ते आधी ठरवा. बातम्यांची, पुस्तकांची प्रमाण अरबी, जिला फुसहा म्हणतात, ती कुणाच्याच घरात लहानपणापासून बोलली जात नाही, आणि कैरोच्या रस्त्यावरची अरबी आणि मोरोक्कोतली अरबी यांच्यात भरपूर अंतर आहे. इजिप्शियन बोली मात्र सिनेमा आणि सिरियल्समुळे अरब जगात बऱ्याच ठिकाणी समजते, म्हणून मी उदाहरणं तिचीच घेतेय. (दुबई-मस्कतला असाल तर हिंदीवर निभावतं, तो वेगळा विषय.)

आता दुसरा प्रश्न. याचा पहिला पद्धतशीर प्रयोग एका माणसाने स्वतःवरच केला. हर्मन एबिंगहाऊस, जर्मनी, पुस्तक छापलं १८८५ मध्ये. अर्थ नसलेली अक्षरं जोडून तो याद्या बनवायचा आणि पाठ करायचा, किती वेळा म्हणल्यावर पाठ होतं आणि किती वेळाने किती विसरतं हे मोजत बसायचा. त्यात त्याला एक गोष्ट सापडली जी आज १०० वर्षांहून जास्त काळ टिकून आहे. बारा अक्षरांची यादी एका दिवसात लागोपाठ ६८ वेळा म्हणली तर दुसऱ्या दिवशी ती परत पाठ करायचे जेवढे कष्ट वाचतात, तेवढेच कष्ट तीन दिवसांत विभागून फक्त ३८ वेळा म्हणली तरी वाचतात. यादी तीच, माणूस तोच, निम्म्याहून थोडं जास्त काम आणि फळ तेवढंच. फरक एकच, मध्ये रात्री गेल्या.

म्हणजे रोज दहा मिनिटं या सल्ल्यात जादू दहा मिनिटांची नाहीये. जादू आहे ती उरलेल्या २३ तास ५० मिनिटांची, जेव्हा तुम्ही अरबीकडे बघतही नाही. असं का होतं हे एबिंगहाऊसला सांगता येणं शक्यच नव्हतं, कारण पेशीच्या आत बघायची सोय तेव्हा नव्हती. ते कळायला एक समुद्री गोगलगाय आणि एक फळमाशी कामी आली.

गोगलगायीचं नाव अप्लिसिया. एरिक कँडेल यांनी तिच्यावर आयुष्यभर काम केलं आणि २००० साली त्यांना नोबेलही मिळालं. हिच्या चेतापेशी इतक्या मोठ्या असतात की एकेक वेगळी ओळखता येते. तिच्या शेपटीला एक हलका झटका दिला की ती काही मिनिटं घाबरलेली राहते, कुठेही हात लावला की कल्ले जोरात आत ओढून घेते, मग विसरते. तेच झटके थांबून थांबून पुन्हापुन्हा दिले तर ती कित्येक दिवस लक्षात ठेवते. मिनिटं टिकणारी आणि दिवस टिकणारी, या दोन आठवणी नुसत्या कमी-जास्त नाहीत, त्या बनतातच वेगवेगळ्या पद्धतीने, आणि सगळी गंमत इथेच आहे.

थोडक्या वेळाच्या आठवणीत पेशी नवीन काहीच बनवत नाही. दोन पेशी जिथे जोडलेल्या असतात त्या सिनॅप्समध्ये जी प्रथिनं आधीपासून आहेत त्यांनाच पीकेए नावाचं एन्झाईम फॉस्फेटचा तुकडा चिकटवतं, त्यामुळे सिग्नल तात्पुरता जोरात जातो, नंतर तो तुकडा निघतो आणि सगळं पहिल्यासारखं. पण झटके परत परत आले तर पीकेए आणि त्याच्याबरोबर मॅप-कायनेज नावाचं दुसरं एन्झाईम सिनॅप्स सोडून पेशीच्या केंद्रकात पोचतात, तिथे क्रेब नावाचं प्रथिन डीएनएवर बसलेलं असतं, त्याचे दोन प्रकार, क्रेब-१ जीन चालू करणारा आणि क्रेब-२ त्याला अडवणारा, पीकेए पहिल्याला जागं करतं आणि मॅप-कायनेज दुसऱ्याला बाजूला सारतं, हे दोन्ही जमलं तरच जीन चालू होतात, नवीन प्रथिनं तयार होतात आणि पेशीला खरोखरचे नवीन जोड फुटतात. गोगलगायीच्या एका संवेदी पेशीवर असे साधारण १३०० जोड असतात, दीर्घ आठवण बनल्यावर ते २७०० च्या आसपास जातात. मोजता येणारा, मायक्रोस्कोपखाली दिसणारा बदल! प्रथिनं बनणं औषधाने बंद केलं तर थोडक्या वेळाची आठवण शाबूत राहते आणि दिवस टिकणारी बनतच नाही.

तो क्रेब-२ मला फार महत्त्वाचा वाटतो. पेशीने अडसर मुद्दाम ठेवलाय, सगळंच कायमचं लक्षात राहू नये म्हणून. एकदा कानावर पडलेल्या शब्दासाठी ती नवीन बांधकाम काढत नाही.

आता गॅप कुठून आला? टिम टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये फळमाश्यांना वास आणि शॉक यांची जोडी शिकवली, दहा राउंड. एका गटाला दहाही लागोपाठ, दुसऱ्याला प्रत्येक राउंडनंतर १५ मिनिटं विश्रांती. लागोपाठवाल्यांची आठवण काही दिवसांत विरली, विश्रांतीवाल्यांची आठवडाभरानेही होती, आणि नवीन प्रथिनांवर अवलंबून असलेली आठवण फक्त यांच्यातच बनली होती. मग २००९ मध्ये या गॅपचं घड्याळ सापडलं. प्रत्येक राउंडनंतरच्या विश्रांतीत मॅप-कायनेजची एक लाट उठते आणि ओसरते, आणि एसएचपी-२ नावाचं एन्झाईम त्या लाटेचा वेग ठरवतं. दहा विश्रांती म्हणजे दहा लाटा. लागोपाठ शिकवलं तर लाट उठायलाच वेळ मिळत नाही. ज्या माश्यांमध्ये हे एसएचपी-२ गरजेपेक्षा जास्त सक्रिय होतं त्यांना नेहमीचा १५ मिनिटांचा गॅप पुरेना, गॅप लांबवला आणि त्याही शिकल्या! अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांकडे बघताना हा प्रयोग मला नेहमी आठवतो.

उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांवरही २०१२ मध्ये असंच दिसलं. सिनॅप्सना एकदा विजेचा ठरावीक सिग्नल दिला, नंतर १० मिनिटांनी परत दिला तर जास्तीचा काहीच फायदा नाही, तासाभराने दिला तर आधी गप्प राहिलेले आणखी सिनॅप्स कामाला लागले. मटकीला मोड यायला रात्र जावी लागते, दुप्पट पाणी ओतून ते लवकर येत नाहीत, तसंच आहे हे. शनिवार-रविवारी सलग सहा तास अरबी करणारा माणूस दुप्पट पाणी ओतत असतो.

अर्थात माशीची १५ मिनिटं म्हणजे आपली १५ मिनिटं नव्हेत. माणसांवर २००८ मध्ये हजाराहून जास्त लोकांना घेऊन अभ्यास झाला, त्यात असं निघालं की परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन अभ्यासांमधला चांगला गॅप साधारण एक दिवसाचा, आणि वर्षभर लक्षात ठेवायचं असेल तर साधारण तीन आठवड्यांचा. म्हणजे बरोबर गॅप किती हे तुम्हाला ते किती दिवसांनी लागणार आहे त्यावर ठरतं. ट्रिप तीन महिन्यांवर असेल तर नवीन शब्द दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी असा समोर आला पाहिजे. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी साधी खोक्यांची पद्धत काढली, आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलेलं परत पहिल्यात. फ्लॅशकार्डच्या ॲप्समागची मूळ कल्पना हीच.

झोपेचाही यात मोठा हात आहे, दिवसा शिकलेलं मेंदू रात्री परत चालवून बघतो आणि पक्कं करतो. पण यावरूनच काही लोकांनी धंदा काढलाय, रात्री हेडफोन लावून झोपा आणि झोपेत भाषा शिका म्हणे. १९५० च्या दशकातच सायमन आणि एमन्स यांनी मेंदूच्या लहरी मोजत हे तपासलं होतं, माणूस खरोखर झोपलेला असताना ऐकवलेली माहिती सकाळी त्याला आठवत नव्हती. झोप आधी शिकलेलं पक्कं करते, नवीन शब्द घालून देत नाही. आणि मिडब्रेन ॲक्टिव्हेशनवाले जे पोरांच्या डोळ्यांना पट्टी बांधून नाकाच्या फटीतून वाचायला लावतात आणि पालकांकडून हजारो रुपये घेतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं. मेंदू असा बटण दाबून चालू होत नाही. वर सांगितलेला क्रेब-२ पैसे भरून बाजूला होत नाही.

मग त्या दहा मिनिटांत काय करायचं? नुसतं वाचत बसायचं नाही, आठवायचं. कार्पिकी आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थासकट शिकवले. एकदा बरोबर आल्यावरही ज्यांना तो शब्द परत परत आठवायला लावला त्यांना आठवड्याने ८० टक्के आले, आणि ज्यांनी तो नुसता परत परत वाचला, आठवायची चाचणी दिली नाही, त्यांना एक तृतीयांशच्या थोडंसं वर. वाचताना ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं झालं पाठ, पण ओळखणं वेगळं आणि तोंडातून काढणं वेगळं. म्हणून कार्डावर मराठी बाजू वर ठेवा, पाणी पाहिजे, आणि मोठ्याने म्हणा, बाई असाल तर आयझा मय्या, पुरुष असाल तर आयेझ मय्या. पाच-सात सेकंद आठवेना, तरी लगेच उलटू नका. ती धडपड हाच सराव आहे.

मराठी माणसाला इथे एक आयती शिदोरी आहे. फारसीच्या वाटेने आपल्याकडे इतके अरबी शब्द येऊन राहिलेत की दुकान, साबण, तारीख, हिशेब, फक्त, खलास हे थोड्या उच्चाराच्या फरकाने तिथेही आहेत. कैरोच्या हॉटेलात बिल मागायचं तर एल-हिसाब म्हणायचं. आधीच मेंदूत असलेल्या गोष्टीला नवीन गोष्ट जोडली की ती लवकर टिकते, तेव्हा हे शब्द पहिल्या आठवड्यातच उरका आणि वेळ अवघड गोष्टींना द्या.

अवघड म्हणजे आकडे. खमसा पाच, खमस्ताशर पंधरा, खमसीन पन्नास, आणि दुकानदार ते भराभर बोलतो. पाढ्यांसारखं एकापासून दहापर्यंत क्रमाने म्हणू नका, कारण मग सहा आठवायला आधीचे पाच म्हणावे लागतात, उलटसुलट विचारा. लिहिलेले आकडेही शिका, तिथे बऱ्याच पाट्यांवर पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, हे माहीत नसेल तर किंमत वाचताना घोटाळा होणारच.

आणि कान. १९८४ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ट आणि त वेगळा ओळखतात, पण वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता जाते. आपलं तसंच अरबीतल्या दोन ह बाबत होतं, एक साधा आणि एक घशाच्या खालून येणारा, आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. हे मोठेपणी सुधारतं, पण एकाच माणसाचं रेकॉर्डिंग ऐकून नाही. वेगवेगळ्या बायका, पुरुष, म्हातारे, पोरं यांचे आवाज ऐकायला हवेत, म्हणजे आवाजातला कुठला भाग त्या माणसाचा आणि कुठला त्या अक्षराचा हे मेंदू वेगळं करायला शिकतो. त्यामुळे दहातली तीन-चार मिनिटं कानांना द्या.

परत आल्यावर सगळं वाया जाईल का, असंही विचारतात. हॅरी बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्याच घरातल्या चार जणांवर कित्येक वर्षं प्रयोग केला, परक्या भाषेतले ३०० शब्द, काही १४ दिवसांच्या गॅपने, काही ५६ दिवसांच्या, आणि निकाल लागला १९९३ मध्ये. ५६ दिवसांच्या गॅपने केलेली १३ सत्रं आणि १४ दिवसांच्या गॅपने केलेली २६ सत्रं यांचा उपयोग जवळजवळ सारखाच झाला. म्हणजे एकदा शब्द बसले की रोज बसायचीही गरज नाही, दोन-दोन महिन्यांनी कार्डांचा तो गठ्ठा एकदा काढला तरी पुढच्या ट्रिपपर्यंत अरबी बऱ्यापैकी शाबूत राहते.