वर्षाला एकच लॅपटॉप : स्टुडंट डिस्काउंटला लिमिट आलं कुठून

गेल्या जूनमध्ये खानापूरला ताईकडं गेलो होतो. भाचीचा डिप्लोमा संपलेला, बेळगावात इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला नंबर लागलेला, म्हणून लॅपटॉप बघायला आम्ही दोघं मोबाईल घेऊन बसलो. मॉडेल ठरलं, रंग ठरला, आयडी कार्डाचा फोटो टाकला आणि स्क्रीनवर आलं की या विद्यार्थ्याची या वर्षाची सवलतीची खरेदी झालेली आहे. पोरगी माझ्याकडं बघायला लागली, मामा मी कधी घेतला? ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, अगं तो फेब्रुवारीत घेतला नव्हता का त्यांनी, तुझ्याच कार्डावर. म्हणजे नात्यातल्याच एकांनी आपल्या धंद्यासाठी लॅपटॉप घेताना हिच्या डिप्लोमाच्या कार्डाची झेरॉक्स नेली होती, आणि ताईनं साधेपणानं दिली होती, कारण कार्डानं काय झिजतंय असंच आपल्या सगळ्यांना वाटतं.

तिथून मी हे शोधायला लागलो, की कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांना सूट द्यायची पद्धत कधीपासूनची आणि त्यावर "एकालाच एक" असं लिमिट का असतं.

सूट आहे कॉम्प्युटरच्या धंद्याएवढीच जुनी. १९५० च्या दशकात आयबीएमनं ६५० नावाचं मशीन काढलं, खोलीभर पसरणारं, बहुतेक ठिकाणी विकत नाही तर महिन्याच्या भाड्यानं घेतलं जाणारं, आणि अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांना त्याच्या भाड्यात ६० टक्क्यांपर्यंत सूट दिली. पण अट होती. कॉलेजनं सायंटिफिक कॉम्प्युटिंग आणि बिझनेस डेटा प्रोसेसिंग असे दोन्ही कोर्स शिकवायचे, तर पूर्ण सूट. म्हणजे त्या काळी विद्यार्थ्याला कुणी विचारतच नव्हतं, सूट कॉलेजला होती आणि कॉलेज काय शिकवतं ते बघून होती. कंपनीचा हिशोबही उघड होता, जी पोरं आमच्या मशीनवर शिकतील ती उद्या नोकरीला लागल्यावर आमचंच मशीन मागतील. यात काही वाईट आहे असं मला वाटत नाही, दोघांचंही काम होत होतं. आणि तिथं लिमिट लागायचा प्रश्नच नव्हता, खोलीएवढं मशीन कोण झेरॉक्स देऊन उचलून नेणार?

प्रश्न आला तो मशीन टेबलावर मावायला लागल्यावर. जानेवारी १९८४ मध्ये ॲपलनं मॅकिंटॉश बाजारात आणला, दुकानात किंमत २,४९५ डॉलर. त्याच वेळी त्यांनी अमेरिकेतल्या २४ युनिव्हर्सिट्यांशी करार केला होता, ॲपल युनिव्हर्सिटी कन्सोर्टियम म्हणून, ज्यात प्रत्येकीनं तीन वर्षांत साधारण २० लाख डॉलरचा माल घ्यायचा आणि मग त्यांच्या पोरांना, प्रोफेसरांना तोच मॅक हजार डॉलरच्या आसपास. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीनं तर नवीन येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडं स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजेच असा नियम केला आणि त्या पोरांना हाच मॅक मिळाला. आता बघा, कॉलेजच्या गेटाच्या आत हजार आणि बाहेर अडीच हजार. मधला फरक दीड हजार डॉलरचा, त्या काळचा. एका पोरानं चार मशीन उचलून बाहेर विकली तर त्याच्या वर्षाच्या खर्चाची सोय झाली आणि गावातला डीलर बसला हात चोळत. सूट जेवढी मोठी तेवढी राखण कडक, हे इथून सुरू झालं. मग माणशी किती ते मोजायचं, माल पुन्हा विकायचा नाही असं लिहून घ्यायचं, हे सगळं ओघानंच आलं.

अर्थशास्त्रात याचा विचार त्याच्याही आधी झालेला आहे. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९२० मध्ये एकाच मालाला वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून वेगळी किंमत घेण्याचे प्रकार मांडले, त्यातला तिसरा प्रकार म्हणजे गिऱ्हाइकांचे गट पाडून गटाप्रमाणं किंमत. तो चालायला एक गोष्ट लागते, स्वस्तात घेणाऱ्यानं महागात घेणाऱ्याला माल विकता कामा नये. बस. लिमिटाचं सगळं मूळ एवढ्यात आहे. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज पण नाही, खानापूर-बेळगाव बसचा स्टुडंट पास बघा की. वायव्य कर्नाटक परिवहनचा पास, त्यावर फोटो, रूट लिहिलेला, मुदत लिहिलेली. त्या पासावर भाऊ बसला तर कंडक्टर उतरवतो आणि आपण पण म्हणतो बरोबर केलं. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र तोच पास आपण शेजाऱ्याला देऊन टाकतो.

आपल्याकडं ही गोष्ट उशिरा आली, कारण सूट कशावर देणार, मशीनच परवडत नव्हतं. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधी सरकारनं नवीन कॉम्प्युटर धोरण आणलं, तोपर्यंत परदेशी माल आणणं म्हणजे परवाने आणि जबर ड्युटी. मग १९९७ मध्ये भारत आयटीच्या मालावरची ड्युटी उतरवायच्या आंतरराष्ट्रीय करारात आला आणि २००५ पर्यंत ती शून्यावर आणली. मी बेळगावात शिकत होतो तो काळ मधला. विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी १९९८ मध्ये निघाली आणि राज्यभरची इंजिनिअरिंग कॉलेजं बेळगावच्या मुख्यालयाखाली आली, पण वर्गात स्वतःचा कॉम्प्युटर असलेली पोरं बोटावर मोजण्याएवढी. ज्यांच्याकडं होता त्यांचा असेंबल्ड, मदरबोर्ड आणि हार्डडिस्क मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रात्रीच्या बसनं मांडीवर घेऊन आणलेली, कॅबिनेट मात्र इथलं. स्टुडंट डिस्काउंट हा शब्द मी तेव्हा ऐकलासुद्धा नव्हता. दुकानदार ओळखीचा असला तर माउस फ्री द्यायचा, हाच डिस्काउंट.

सॉफ्टवेअरला ही सवलत लवकर आली, त्यातही मोजमाप होतंच. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००३ ची स्टुडंट अँड टीचर एडिशन एका घरात तीन मशीनवर टाकता यायची आणि धंद्यासाठी वापरायची नाही अशी अट होती. हे मला प्रामाणिक वाटतं, घरात दोन पोरं शिकत असतील हे धरून चाललेलं लिमिट आहे ते.

सरकारनंही करून बघितलं. आकाश टॅबलेट आठवत असेल, ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी दिल्लीत दाखवला, आणि २०१२ च्या नोव्हेंबरमधला आकाश-२ विद्यार्थ्यांना ११३० रुपयांना द्यायचं ठरलं, बाकीचे पैसे सरकारचे. पण तो दुकानात जाऊन घ्यायचा नव्हता, कॉलेजातून यायचा होता, त्यामुळं लिमिट आपोआपच होतं, जेवढं वरून येईल तेवढंच. आमच्या भागात तो हातात घेतलेला माणूस मला भेटला नाही. कर्नाटक सरकारनं पुढं सरकारी डिग्री कॉलेजांत लॅपटॉप वाटले, चांगलंच केलं, पण बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडं निम्म्याहून जास्त पोरं संस्थांच्या कॉलेजात आहेत हे आपण रोज बघतो, त्यांचं काय?

मग ऑनलाईन दुकानं आली. ॲपलनं भारतात स्वतःचं ऑनलाईन दुकान २३ सप्टेंबर २०२० ला उघडलं, विद्यार्थ्यांची वेगळी किंमत त्यात पहिल्या दिवसापासून होती, आणि कोरोनामुळं सगळ्यांचीच शाळा घरात आलेली, त्यामुळं ही सूट असते हे बऱ्याच घरांना तेव्हाच कळलं. यात आता गेट नाही, कॅम्पस नाही, ओळखायचं कसं? त्यासाठी वेगळ्या कंपन्या निघाल्या, इंग्लंडची युनिडेज २०११ मधली, ती हा खरंच विद्यार्थी आहे का ते तपासते. ॲपलनं अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये ही तपासणी सक्तीची केली आणि काही दिवसांतच काढून टाकली, पण माणशी आकडा राहिला : वर्षाला एक डेस्कटॉप, एक मॅक मिनी, एक लॅपटॉप, दोन आयपॅड. आईबाप पोरासाठी घेऊ शकतात, पण विकण्यासाठी घ्यायचा नाही, आणि हिशोब तपासून फरक वसूल करायचा हक्क कंपनी अटींमध्ये लिहून ठेवते.

या आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. एका पोराला वर्षात दोन लॅपटॉप कशाला लागतात? माझं दुखणं दाराशी आहे. तपासणीचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे कॉलेजचा ईमेल, शेवटी एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इन असलेला. ही नावं भारतात अर्नेट ही सरकारी संस्थाच देते, म्हणजे भरवसा पक्का. मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोराला अ‍ॅडमिशनबरोबर असा ईमेल मिळतो, तो दोन मिनिटांत पुढं. खानापूर तालुक्यातल्या बीए-बीकॉमच्या पोरीला कॉलेज असा ईमेल देतच नाही, तिनं आयडीचा फोटो टाकायचा, तो पुसट निघाला की बोनाफाईड आणायचं, ऑफिसात साहेब रजेवर, मग सही सोमवारी, तोपर्यंत ऑफर संपली. ज्याला सूट जास्त लागते त्यालाच चकरा जास्त, हे बरोबर नाही आणि ते कॉलेजांनी मनावर घेतलं तर सुधारता येतं, सगळ्या पोरांना ईमेल काढून देणं हे काही मोठ्या खर्चाचं काम नाही.

आणि आमच्यासारख्या घरांनी झेरॉक्स वाटणं थांबवलं तर बरं. मी त्या नातेवाइकांना फोन केला होता, ते म्हणाले अहो एवढं काय, पुढच्या वर्षी घेऊ दे की तिला. पण कॉलेज ऑगस्टमध्ये चालू होणार होतं, पुढच्या वर्षी नाही. शेवटी ताईनं पूर्ण किमतीला, बारा हप्त्यांवर घेतला, अजून चार हप्ते बाकी आहेत. धाकटा भाचा आता बारावीला आहे, परवा कुणीतरी त्याच्या कार्डाची झेरॉक्स मागायला आलं होतं तर ताईनं चहा दिला, बसवलं, आणि कार्ड कपाटातून काढलंच नाही.